वीस वॅट

परळ, तळमजला, खोली नंबर नऊ.
मी केसांत भांग पाडते, टाळूवर खुणा करते,
पेस्ट लावून एकवीस वायरी चिकटवते.
आज खुर्चीत रघुवीर खवणेकर, वय एकसष्ट,
बेस्टचे निवृत्त मीटर वाचक.
तक्रार: मधेच हरवतात.
बायकोने फॉर्मवर लिहिलंय, ‘असतात पण नसतात.’

‘मेंदू किती वीज खातो हो?’
वीसेक वॅट, मी म्हटलं.
ते हसले. वायरी हलल्या, रेषा बिघडल्या.
‘म्हणजे झिरोच्या बल्बाहून थोडी जास्त.
एवढ्यात अख्खा मी?’

डोळे मिटा.
मिटले. मागच्या चार वायरींवर संथ लाटा आल्या,
शिवडीच्या चिखलावर भरतीचं पाणी चढतं तशा.
उघडा. लाटा विस्कटल्या.
त्या क्षणी काय काय आत शिरलं असेल:
पंखा, माझा चष्मा, भिंतीचे पोपडे,
आणि हे सगळं ज्याला दिसलं तो.
पडद्यावर नुसतं विस्कटणं.

तेहेतीस वर्षं ते जिन्यांखाली वाकले.
काळाचौकी, घोडपदेव, रे रोडची मागची बाजू.
टॉर्च दातांत, आकडा वहीत.
‘वर कोण राहतं ते कधी बघितलं नाही.
तळणाचा वास यायचा, कुणी रागावलेलं ऐकू यायचं,
पण ते वहीत नाही ना लिहिता येत.
एकदा एका बंद खोलीचं मीटर फिरत होतं. अगदी हळू.
मालक म्हणाला, चार वर्षं कुलूप आहे.
मी लिहिलं, वापर सात युनिट.
कोण वापरतंय, असा रकानाच नव्हता.’

माझ्याकडेही नाही.

जोरात श्वास घ्या म्हटलं, तर तिसऱ्या मिनिटाला
त्यांचा अंगठा शर्टाचं बटण चाचपू लागला.
डाव्या कानशिलाच्या वायरी एका ठेक्यात उसळल्या,
मग शेजारच्या, मग पार पलीकडच्या.
मी हाक मारली. नियमाप्रमाणे एक शब्द दिला
लक्षात ठेवायला: कोकम.
डोळे उघडे. ओठ काहीतरी चघळत होते.
एकोणचाळीस सेकंद मोजले.
इतका उजेड त्या डोक्यात दिवसभर नव्हता,
आणि इतकं सामसूम.

‘शब्द आठवतो?’
‘कुठला शब्द?’

दाखवायचं नसतं, पण मी पडदा त्यांच्याकडे वळवला.
ते बराच वेळ बघत राहिले, कामावरच्या नजरेने.
‘यात घोटाळा आहे,’ म्हणाले.
‘राहत्या चाळीत दोन चकत्या
कधी एका वेगात फिरत नाहीत.
कुणाची इस्त्री, कुणाकडे बाळंतीण, कुणी गावाला गेलेलं.
सगळ्या एका चालीत फिरायला लागल्या
की समजायचं, घरात कोणी नाही,
खाली मेन लाइनशी कोणीतरी खेळतंय.’

तीन वर्षं मी हेच शिकले होते,
फक्त त्यात बाळंतीण नव्हती.
पेशी पेशींशी बोलतात, भांडतात, एकमेकींना गप्प करतात,
आणि त्या कलकलाटातून म्हणे कोणीतरी उठून बसतं.
कसं बसतं, त्या पानावर
परीक्षेत कधीच प्रश्न आला नाही.

‘मग ती एकोणचाळीस सेकंदं,’ त्यांनी हळूच विचारलं,
‘मी कुठे होतो?’

रिपोर्ट गुरुवारी मिळेल, मी म्हटलं.

कोमट पाणी, कापूस. पेस्ट निघता निघत नाही.
त्यांनी खिशातून कंगवा काढला,
स्टीलच्या ट्रेमध्ये तोंड बघितलं,
मी डावीकडे पाडलेला भांग मोडून उजवीकडे पाडला.
दारात थबकले.
‘बाई, पंखा. खोली रिकामी असताना चालू ठेवू नये.’
‘मी आहे ना अजून.’
‘हो, तेही आहेच,’ म्हणाले, आणि गेले.

पुढचा पेशंट आला नव्हता.
मी उगाच मनात म्हटलं, कोकम.
तोंडाला पाणी सुटलं. आंबट, गडद लाल,
जिभेच्या कडांना लागणारं.
वायरी समोर ट्रेमध्ये पडल्या होत्या,
एकही मला लावलेली नव्हती.